चौथी ओळ

संयोगिताने फॉर्म माझ्यासमोर ठेवला तेव्हा तिचा तळहात कागदाच्या मधोमध पसरलेला होता. वरचे नावगाव मोकळे होते, खालची सहीची जागा मोकळी होती; झाकलेला होता तो फक्त मधला चौकोन.

"आजी, इथे सही हवी आहे. पालक म्हणून. घरात सही तुमचीच चालते ना."

मी वाती वळत होते. हातातली वात पुरी केली, ताटलीत ठेवली आणि मगच मान वर केली.

"हात काढ."

"नेहमीचाच फॉर्म आहे हो. आज सोमवार, गुरुवारपर्यंत द्यायचा आहे, म्हणून..."

"संयोगिता, हात काढ."

तिने हात काढला. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला पदवीबरोबर एक जोड प्रमाणपत्र घ्यावे लागे, हे मला प्रतापने, म्हणजे माझ्या मुलाने, तिच्या वडिलांनी, आधीच सांगितले होते. कोणते घ्यायचे हेही आमच्या घरात ठरलेले होते. हळदीच्या कारखान्याचे शेड उभे राहत होते, तिचा मुख्य विषय रसायनशास्त्र होता, तेव्हा अन्नप्रक्रिया. चौकोनात चार नावे छापलेली होती: अन्नप्रक्रिया, माती व पाणी परीक्षण, संगणक, आणि शेवटी 'मोडी लिपी व कागदसंवर्धन'. निळ्या शाईची खूण शेवटच्या नावासमोर होती.

"हे काय आहे?"

"कागद का पिवळा पडतो, जुनी शाई कागदाला कशी खाते, तो वाचवायचा कसा, हे सगळं रसायनशास्त्रच आहे, आजी. आणि वाचवायचा तर आधी वाचता यायला नको का? आमच्या मॅडम म्हणतात, जिल्ह्यात दोन्ही येणारं माणूस एकही नाही."

"नाही, कारण कोणाला गरज नाही. हे तुझ्या डोक्यात कोणी घातले?"

"कोणीच नाही."

ती 'कोणीच नाही' म्हणाली आणि तिची नजर देवघराच्या दाराकडे गेली. क्षणभरच. पण माझ्यासमोर चार पिढ्यांची माणसे खोटे बोलून गेलेली आहेत. तेवढा क्षण मला पुरतो.

मी फॉर्म घडी करून कनवटीला खोचला. "विचार करीन," म्हणाले.

दुपारी घर निजल्यावर मी देवघरातली शिसवी पेटी उघडली. तिच्यात तांबड्या रुमालात बांधलेला आमचा कागद असे. आमच्या गावच्या देवीच्या चैत्री यात्रेत पालखीपुढची पहिली दिवटी आमच्या, निकमांच्या घरची असते. दिवेलागणीला घराण्याचा वडील मुलगा ती पेटवतो, आणि ती पेटल्याखेरीज पालखी जागची हलत नाही. ह्या मानाचा कागद तो. दसऱ्याला त्याची पूजा व्हायची, हळदकुंकू वाहिले जायचे. उघडला मात्र कधीच जात नसे. कागद उघडला तर दिवटी विझते, असा आमच्या घरात नियम होता. प्रताप आठ वर्षांचा असताना एकदा त्याने रुमालाला नुसता हात लावला, तर मी त्याला दिवसभर उपाशी ठेवले होते.

माझे वडील संस्थानच्या दप्तरात कारकून होते. रुमाल कसा बांधावा हे मी त्यांच्याकडून शिकले. चौथे टोक गाठीवर न आणता आत दुमडायचे. बाहेरून बघणाऱ्याला ते दिसत नाही, पण कोणी सोडून पुन्हा बांधला तर बांधणाऱ्याला कळते.

चौथे टोक गाठीवर होते.

मी पेटी बंद केली आणि तिथेच पाटावर बसून राहिले. मग दुखरे गुडघे धरून उठले.

संध्याकाळी संयोगिता कॉलेजातून परतायच्या आत मी तिच्या खोलीत गेले. बंद कपाटात मी हात घालीत नाही. पण टेबलावर पडलेल्या वस्तूंवर घरातल्या मोठ्या माणसाची नजर जायचीच. पुस्तकांच्या मागे स्टीलचा एक चपटा डबा होता. आमचा नव्हता, तरी ओळखीचा वाटला. झाकण उलटे केले. झाकणावर बारीक अक्षरांत कोरलेले होते: 'सौ. उज्ज्वला यांस माहेरची भेट.'

ती अक्षरे मीच कोरून घेतली होती. उज्ज्वला माझी थोरली लेक. तिच्या लग्नात एकवीस भांड्यांवर हेच नाव घातले होते.

तीन वर्षांपूर्वी उज्ज्वला एक बॅग घेऊन नवऱ्याचे घर सोडून आमच्या दारात उभी राहिली होती. मी तिला पाणी दिले, चहा दिला, जेवू घातले, आणि सांगितले, "निकमांच्या लेकी माघारी येत नाहीत." त्यावर तिने एक शब्द काढला नाही. प्रतापने दिवस मावळायच्या आत तिला गाडीतून सासरच्या गावी, साताऱ्यास सोडले. ती सासरी गेली नाहीच. तिथेच एका शाळेत नोकरी धरून भाड्याच्या दोन खोल्यांत राहू लागली. आमच्या घरात तिचे नाव निघत नसे.

डबा हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. माझी सून वैशाली भाकरी थापत होती.

"हा डबा कुठून आला?"

वैशालीने डब्याकडे पाहिले आणि लगेच तव्याकडे पाहिले. "कॉलेजात मुलींच्या डब्यांची अदलाबदल होते, आईसाहेब."

"कॉलेजात उज्ज्वला नावाची सवाष्ण मुलगी शिकते वाटते?"

"भाकरी करपेल."

"करपू दे. मे महिन्यात पोरगी दहा दिवस अन्नप्रक्रियेच्या शिबिराला म्हणून साताऱ्यास गेली होती. कुठे राहिली होती?"

वैशालीने भाकरी उलटली. माझी सून गरीब स्वभावाची आहे, तिला खोटे बोलता येत नाही. म्हणून ती अशा वेळी काहीच बोलत नाही. "वन्संकडे," ती अखेर म्हणाली. "आणि शिबिर मोडीचं होतं. ह्यांना ठाऊक नाही. तुम्ही पोरीला रागावू नका, मीच जा म्हटलं."

आता माझ्यापुढे सगळे चित्र उभे राहिले. उज्ज्वलाच्या मनात माझ्याविषयी काय असेल हे मी जाणून होते. तिने भाचीला हाताशी धरले, मोडी शिकायला बसवले, पेटी उघडायला लावली. बोलायचे आत्याने आणि वाचायचे भाचीने! उद्या तो कागद घेऊन माझ्या दारात उभी राहील, माझ्याच मुलासमोर मला उभी करील. लेकीने आईचा हिशेब चुकता करण्याचा ह्याहून सभ्य मार्ग कोणता?

दोन दिवस मी कोणाशी फारसे बोलले नाही. संयोगिता सकाळी एस.टी.ने जाई, संध्याकाळी येई. मी तिच्या येण्याजाण्यावर, फोनवरच्या बोलण्यावर, जिन्यातल्या पावलांवर लक्ष ठेवून होते. एकदा ती फोनमध्ये काहीतरी बघत ओठ हलवीत होती, लहान मूल पाढे म्हणते तशी. मी आल्याचे कळताच तिने फोन पालथा घातला.

बुधवारी जेवताना प्रतापने विषय काढला.

"आईसाहेब, संयूच्या फॉर्मवर सही राहिली म्हणे?"

"तुझ्या मुलीला हळद नको आहे. तिला मोडी हवी आहे."

प्रताप हसला. माझा मुलगा मनाने मोकळा आहे, त्याच्या वडिलांसारखा. बारा वर्षे तो दिवटी धरतो आहे, आणि चैत्र लागला की चार दिवस आधी दाढी करून, नवा फेटा रंगवून तयार असतो. "मोडी? अगं, ते वाचून नोकरी कोण देणार तुला?"

"दप्तरखाने देतात, बाबा. आणि आपल्या हळदीला मी नको कुठे म्हणते? सुट्टीत येईन की शेडवर."

"शेडवर येऊन काय करणार, पोत्यांवरची मोडी वाचणार?"

वैशालीला हसू आले, तिने पदर तोंडाला लावला. मी हसले नाही.

"संयोगिता," मी म्हणाले, "पेटीतला रुमाल तू सोडलास."

ताटांवरचे हात थांबले. प्रतापच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. "काय? दिवटीचा कागद?"

"फोटो काढला फक्त," ती म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता, पण तिने मान खाली घातली नाही. "परत तसाच ठेवला."

"तसाच नाही ठेवलास."

"अगं, पण का? यात्रेत काही विपरीत झालं असतं तर?" प्रताप खरोखरच घाबरला होता.

"बाबा, मी तो मेमध्ये उघडला. यात्रा होऊन गेल्यावर. सगळं नीट आहे ना?"

मी तेव्हाच निर्णय घेतला. दहा दिवसांच्या शिबिरावर कोणी दोनशे वर्षांपूर्वीचे कारकुनी अक्षर वाचू शकत नाही. शब्द तोडलेले नसतात, हात लेखणी न उचलता धावत गेलेला असतो. पोरगी अडखळेल, चार शब्दांत गळपटेल, आणि मग मोडीचे भूत आपोआप उतरेल. आणि वाचलेच तिने, तर तिच्या मागे कोण उभे आहे, ते तिच्या तोंडावर दिसेल. दोन्हीकडून मला हवे तेच मिळणार होते. मला असे वाटले होते.

"उद्या सकाळी पूजेनंतर देवघरात या सगळे," मी म्हणाले. "कागद मी स्वतः उघडीन. संयोगिता आम्हाला तो वाचून दाखवील. वाचलास तर सही. नाही तर अन्नप्रक्रिया, आणि ह्या घरात मोडीचे नाव पुन्हा नाही."

"आईसाहेब, नियम आहे ना?" प्रताप म्हणाला.

"नियम मी पाहून घेईन."

गुरुवारी सकाळी देवघरात चार पाट मांडले. प्रताप अंघोळ करून, टोपी घालून बसला होता. मी रुमाल सोडला. कागद हातभर लांब, कडा खाल्लेल्या, मध्ये दोन घड्या, खाली शिक्का. सहा ओळी. मी तो पाटावर पसरला आणि संयोगिताच्या पुढे सरकवला.

तिने दोन्ही हात आधी ओढणीला पुसले. मग कागदाला न टेकवता बोट वर धरले आणि वाचू लागली.

पहिली ओळ तिथीची, देवीच्या नावाची. ती तिने सहज वाचली. दुसरी: दंग्यात देऊळ लुटले जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा देवीची मूर्ती निकमांच्या घराने रानात नेऊन राखिली. तिथे ती एका शब्दावर थांबली, परत मागे गेली, पुन्हा पुढे आली. खरी शिकलेली माणसे अशीच वाचतात. तिसरी: सबब पालखीपुढील दिवटीचा मान निकमांचे घरी सालोसाल, वंशपरंपरा चालावा.

"वा!" प्रताप म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "वंशपरंपरा! ऐकलंत, आईसाहेब? पुढे वाच, संयू."

संयोगिताचे बोट चौथ्या ओळीवर आले. थांबले. आणि तिथून पाचव्या ओळीच्या मध्यावर गेले.

"वडील पुत्रे दिवटी धरावी," तिने वाचले, "आणि शेवटची ओळ मोर्तबाची आहे. झालं."

प्रतापने कागदाला दोन्ही हात जोडले. मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "मला वाटायचं, आपण उगाच मान मिरवतो की काय. वडील पुत्रे! लिहूनच ठेवलंय. आईसाहेब, करा सही. तिला मोडीच शिकू दे."

संयोगिता हसली नाही. ती माझ्याकडेही पाहत नव्हती. तिचे बोट अजून पाचव्या ओळीवर होते.

माझ्या मनातला संशय त्या बोटाने एका क्षणात पुसून टाकला, आणि त्याच्या जागी जे आले ते संशयाहून वाईट होते. ती कोणाच्याही वतीने आलेली नव्हती. तिने वाचले होते, तिला कळले होते, आणि ते ती गिळत होती. एकोणिसाव्या वर्षी. ह्याच पाटावर.

फॉर्म माझ्या कनवटीला होता. मी तो काढला, लेखणी मागितली. सही करून मोकळी झाले असते तर ते घर आजही तसेच चालले असते.

"संयोगिता," मी म्हणाले, "चौथी ओळ राहिली."

तिने झटकन वर पाहिले.

"नाही, आजी, तिथे कागद खराब..."

"कागद अजिबात खराब नाही. आणि पाचवीचे पहिले दोन शब्दही राहिले. पुन्हा वाच."

"आईसाहेब," प्रताप गोंधळून म्हणाला, "तुम्हाला काय ठाऊक चौथ्या ओळीत काय आहे?"

संयोगिता माझ्याकडे पाहत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "आजी, नको ना. बाबांच्या हातातली दिवटी मी कशी काढून घेऊ?"

मी चष्मा काढून ठेवला. त्या ओळीसाठी मला चष्मा लागत नव्हता.

"'ही मूर्ती निकमाची माघारी आलेली लेक सकवार इणे हाती दिवटी धरून राखिली, सबब घरात माघारी आलेली लेक असेल तिचे हाती दिवटी आधी द्यावी. ती नसता वडील पुत्रे दिवटी धरावी.'"

 समईची वात तडतडली.

"वडिलांनी मला धुळपाटीवर मोडी शिकवली," मी सांगितले. "दहाव्या वर्षी मी दप्तरातल्या रुमालांत बांधलेले कागद वाचीत असे. लग्न होऊन ह्या घरात आले, आणि पहिल्याच दसऱ्याला कागदांना ऊन दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. अंगणात बसून मी हा वाचला. त्या वेळी ह्या घरात माघारी आलेली लेक होती, प्रताप."

"गोजराआत्या," तो म्हणाला.

माझी नणंद. सतराव्या वर्षी कुंकू पुसून परत आली आणि चाळीस वर्षे ह्या घरात राबली. यात्रेच्या दिवशी दिवटीचे फडके तीच वळायची, तेलात तीच भिजवायची, काठीला घट्ट तीच बांधायची. आणि पालखी उठायची वेळ झाली की माजघरात जाऊन दार लोटून घ्यायची. विधवेचे दर्शन नको म्हणून. वाजंत्री लांब गेली की बाहेर यायची आणि मला विचारायची, "वहिनी, नीट पेटली का गं?" दर वर्षी विचारायची.

"त्याच वर्षीच्या चैत्रात तुझ्या वडिलांनी पहिल्यांदा दिवटी धरली होती," मी म्हणाले. "गावाने त्यांना खांद्यावर घेतले होते. मी एकोणीस वर्षांची होते. मी म्हटले, त्यांच्या हातातली दिवटी मी कशी काढून घेऊ? पुढे सासूबाई गेल्या, किल्ल्या माझ्याकडे आल्या, तेव्हा कागद उघडायचा नाही हा नियम झाला. तो घराण्याचा नियम नव्हे. माझा आहे."

प्रतापने टोपी काढून मांडीवर ठेवली. "आत्या गेली तेव्हा," तो म्हणाला, "तिच्या हाताला तेलाचा वास होता. मला आठवतंय." मग उठून बाहेर गेला. त्याने माझ्याशी भांडावे असे मला वाटत होते. तो भांडला नाही.

संयोगिता रडत होती. मी तिला रडू दिले आणि मग विचारले, "आत्याला सांगितलेस?"

"नाही. तिला पेटी उघडली हेही ठाऊक नाही. ती मला फक्त राहायला द्यायची, आणि डबा. तुमच्याबद्दल विचारायची. तुमचे गुडघे कसे आहेत, म्हणून."

मी फॉर्म उलगडला. निळ्या खुणेच्या खाली, पालकाच्या जागी सही केली. माझी सही मोठी आहे. चौकोनात मावली नाही.

"ह्यात तू जे शिकशील ते शिक," मी तिला सांगितले. "पण एक अट. जे लिहिले असेल ते सगळे वाचायचे. कोणाचेही तोंड बघून ओळ गाळायची नाही. माझेसुद्धा."

तिने मान हलवली. साडेनऊची एस.टी. गाठायची म्हणून वैशालीने तिच्या हातात डबा दिला. तोच, नाव कोरलेला.

"आणि तुझा फोन दे," मी म्हणाले. "आत्याचा नंबर लावून."

तिने नंबर लावून दिला. पलीकडे शाळेची घंटा वाजत होती, मुलांचा कालवा होता. उज्ज्वलाला भाचीचाच आवाज अपेक्षित असणार. मी म्हटले, "उज्ज्वला."

"आईसाहेब? घरी सगळं बरं आहे ना?"

"बरे आहे. चैत्रात यात्रा आहे. तुला यायचे आहे. दिवटी तुला धरायची आहे. का ते संयोगिता सांगेल, तिला वाचता येते."

ती काही बोलेना. तीन वर्षांपूर्वी माझ्या उंबऱ्यावरही ती अशीच उभी राहिली होती, एक शब्द न काढता. पण आता माझ्याजवळ तिला द्यायला चहा नव्हता, पाणी नव्हते.

"किती दिवसांसाठी येऊ?" तिने अखेर विचारले. परक्या माणसाला विचारावे तसे, जपून.

"ती दिवटी पाहुणीच्या हाती देता येत नाही, उज्ज्वला," मी म्हणाले. "माघारी आलेली लेक लागते. तुझी बॅग घेऊन ये."